स्टीव्हन्सची मुंबई, एका रविवारात

व्हीटी कुणी बांधलं? क्विझमध्ये या प्रश्नाला एकच उत्तर चालतं: फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं शोधायला एक रविवार काढा आणि त्याच्या चार इमारती ज्या क्रमाने बांधल्या गेल्या त्याच क्रमाने बघा. म्हणजे सुरुवात व्हीटीपासून नाही.

सकाळी आठच्या सुमारास रीगलच्या चौकात या. समोरचं राज्य पोलीस मुख्यालय म्हणजे मूळचं रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम (१८७२-७६), खलाशांचं उतरायचं ठिकाण. पोलिसांची जागा आहे, तेव्हा बाहेरूनच बघा. १८६७ साली सरकारी बांधकाम खात्यात आलेला हा साहेब इथे अजून हात राखून काम करताना दिसतो. (तुमच्या पाठीमागचं रीगल त्याच्या मुलाचं, चार्ल्सचं, १९३३ सालचं. असो.)

मग फोर्टातून चालत व्हीटी. १९९६ आणि २०१७ साली नाव बदललं, २००४ साली जागतिक वारसा यादीत आलं, तरी तोंडातून 'व्हीटी'च निघतं! काम चाललं १८७८ ते १८८८. लोकल पकडायची नसेल तेव्हाच इथे मान वर करता येते. फाटकावर सिंह आणि वाघ, म्हणजे राज्य करणारे आणि आपण. भिंतींवर दगडी पानं, पक्षी, प्राणी. त्यातलं बरंचसं कोरीवकाम जेजेच्या विद्यार्थ्यांचं. घड्याळाखाली राणीचा पुतळा होता, आता कोनाडा रिकामा आहे. आणि इथे स्टीव्हन्सचे सहायक अभियंता होते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य. हेच ते अर्धं उत्तर.

रस्ता ओलांडला की महापालिका. इथेही वैद्य आहेतच, आणि कंत्राटदार व्यंकू बाळाजी कालेवार. चिझमचा इंडो-सारसेनिक आराखडा मागे पडून स्टीव्हन्सचा गॉथिक निवडला गेला. अंदाजपत्रक ११,८८,०८२ रुपयांचं, १८९३ साली काम संपलं तेव्हा खर्च ११,१९,९६९. म्हणजे ६८,११३ रुपये वाचले! आमच्या धंद्यात हे कुणाला सांगून पटणार नाही. पैसा असा वाचतो तो आराखड्याच्या कागदावर नाही, रोज साइटवर उभं राहणाऱ्यांमुळे, असं माझं तरी मत. २०२१ साली इथे शनिवार-रविवारी हेरिटेज वॉक सुरू झाले. आत जायचं असेल तर आधी चौकशी करा.

जेवून चर्चगेट. बीबीसीआय रेल्वेचं मुख्यालय (१८९९), आताचं पश्चिम रेल्वेचं. जीआयपीची व्हीटी बघून दुसऱ्या कंपनीनेही तोच आर्किटेक्ट गाठला, यातच काय ते आलं. माथ्यावरच्या बाईच्या हातात चक्क रेल्वे इंजिन आहे, ते चुकवू नका.

१९०० साली स्टीव्हन्स मुंबईतच मलेरियाने गेला, वय ५२. पायात जोर उरला असेल तर व्हीटीला परत फिरा आणि हार्बर पकडा. त्याची कबर शिवडीला आहे.