नव्या यकृतात परतणारा जुना विषाणू

गोंदिया जिल्ह्यात नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेल्या चोरखमाऱ्याहून नागपूर शंभरावर किलोमीटर. पण यकृत प्रत्यारोपण करायचे, तर 2018 पर्यंत एवढ्या प्रवासानेही भागत नसे. मुंबई, हैदराबाद किंवा दिल्ली गाठावी लागे. त्या वर्षी ही शस्त्रक्रिया नागपुरात होऊ लागली. हिपॅटायटिस सीच्या रुग्णाला मात्र मोठ्या शहरातल्या शस्त्रक्रियेनंतरही अनेक वर्षे सुटका मिळत नव्हती.

डेन्व्हर येथे थॉमस स्टार्झल यांनी 1963 मध्ये पहिले यकृत प्रत्यारोपण केले. 1980 च्या दशकात प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या सायक्लोस्पोरिन या औषधामुळे रुग्ण जास्त जगू लागले, तेव्हा काहींच्या नव्या यकृताला पुन्हा सूज येते असे दिसले. आजार हिपॅटायटिस 'ए'ही नाही आणि 'बी'ही नाही, एवढेच ठाऊक होते. 1989 मध्ये मायकेल हॉटन आणि सहकाऱ्यांनी त्यामागचा हिपॅटायटिस सी विषाणू ओळखला. चाचणी आली आणि उलगडा झाला. रुग्णाच्या रक्तात विषाणू असेल, तर तो जवळपास प्रत्येक वेळी नवे यकृत गाठतो. अवयव टिकावा म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिली जातात, ती त्याच्याच पथ्यावर पडतात. एरवी दोन-तीन दशके घेणारा सिरॉसिस, म्हणजे यकृत व्रणांनी कडक होणे, अशा अनेक रुग्णांना पाच वर्षांत गाठत असे.

हिपॅटायटिस बीवर प्रतिपिंडांच्या इंजेक्शनांनी हे पुनरागमन रोखता आले. सी विषाणू सतत रूप बदलतो. तिथे तो उपाय चालला नाही. इंटरफेरॉन हे त्यावरचे जुने औषध थकलेल्या रुग्णांना सोसवत नसे.

डिसेंबर 2013 मध्ये अमेरिकेत सी विषाणूवरच्या सोफोसबुव्हिर या गोळीला मान्यता मिळाली आणि चित्र पालटले. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षेतल्या 61 जणांना हे औषध रिबाव्हिरिन या दुसऱ्या विषाणूरोधी औषधासोबत दिले गेले. शस्त्रक्रियेच्या वेळी ज्या 43 जणांचा विषाणू जवळपास नाहीसा झाला होता, त्यांपैकी 30 जणांमध्ये तो 12 आठवड्यांनंतरही परतला नाही. ज्यांचे रक्त आधी महिनाभराहून जास्त काळ विषाणूमुक्त होते, ते बहुतेक सगळे या पुनरागमनापासून वाचले.

अमेरिकेत या उपचाराची किंमत 84,000 डॉलर होती. सप्टेंबर 2014 मध्ये मुंबईच्या सिप्लासह भारतीय कंपन्यांना उत्पादनाचे परवाने मिळाले आणि पुढच्याच वर्षी स्वस्त गोळ्या बाजारात आल्या. 28 जुलै 2018 रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि सरकारी केंद्रांत त्या मोफत मिळू लागल्या.

गोंदियासाठी हे फार मोलाचे आहे. पूर्व विदर्भात सिकलसेल या रक्तविकाराचे रुग्ण बरेच आहेत आणि त्यांपैकी अनेकांना वारंवार रक्त चढवावे लागते. दात्याच्या रक्ताची सी विषाणूसाठी तपासणी बंधनकारक होण्यापूर्वी ज्यांना रक्त मिळाले, त्यांच्यापैकी काहींच्या शरीरात हा विषाणू आजही लक्षणांविना असू शकतो. म्हणून अशा प्रत्येकाची एकदा तरी चाचणी व्हायलाच हवी. सिरॉसिस होण्यापूर्वी निदान झाले, तर सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटासव्हिरचा 12 आठवड्यांचा कोर्स बहुतेकांना बरे करतो आणि प्रत्यारोपणाची वेळच येत नाही.