‘व्यक्ती’ या शब्दाबाहेर

१९१६ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने ठरवलं, की स्त्री ही ‘व्यक्ती’ नाही. निदान वकिलीच्या कायद्यापुरती तरी नाही. तो निकाल जिच्या अर्जावर लागला, ती रेजिना गुहा. आई बगदादी ज्यू, वडील प्यारीमोहन गुहा बंगाली वकील. १९१३मध्ये रेजिना इंग्रजी घेऊन एम.ए.ला पहिल्या आल्या, १९१५मध्ये बी.एल. झाल्या आणि अलीपूरच्या जिल्हा न्यायालयात सनद मागितली. अर्ज उच्च न्यायालयाकडे गेला.

पाच न्यायमूर्तींपुढे बॅरिस्टर अर्डली नॉर्टन त्यांच्या बाजूने उभे राहिले. मुद्दा सरळ होता : १८७९च्या कायद्यात ‘व्यक्ती’ असा शब्द आहे आणि कायद्यातल्या पुल्लिंगात स्त्रीलिंग धरावं, असा नियमही आहे. न्यायालयाचं म्हणणं असं, की बायका आजवर वकील झालेल्या नाहीत, कायदा करणाऱ्यांच्या मनातही त्या नव्हत्या. बदल हवा तर विधिमंडळाने करावा.

मला अस्वस्थ करतं ते पाचांतलं एक नाव : सर आशुतोष मुखर्जी. रेजिना एम.ए. झाल्या तेव्हा तेच विद्यापीठाचे कुलगुरू होते. समाजाचा रोष पत्करून विधवा मुलीचा पुनर्विवाह लावून देणारा हा माणूस. त्यामुळे हा निकाल सनातन्यांच्या खाती टाकून मोकळं होता येत नाही.

नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी तेव्हा कलकत्त्यातच पडदानशीन जमीनदार स्त्रियांना सरकारतर्फे कायद्याचा सल्ला देत होत्या, पण सनदेविना. ती त्यांना १९२१मध्ये अलाहाबादला मिळाली. त्याच वर्षी पाटण्यात सुधांशुबाला हजरा यांना नकार मिळाला, तो रेजिनांच्याच निकालाच्या आधाराने. अखेर १९२३च्या कायद्याने दार उघडलं.

रेजिना त्याआधीच, १९१९मध्ये वारल्या होत्या. देशातून नाही, पण पेशातून हद्दपार झाल्यावर त्या कलकत्त्याच्या ज्यू मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका झाल्या. त्यांची बहीण हॅना सेन पुढे दिल्लीच्या लेडी अर्विन कॉलेजची पहिली प्राचार्य आणि अखिल भारतीय महिला परिषदेची अध्यक्ष झाली. विद्यापीठात एम.ए.ला इंग्रजीत पहिलं येणाऱ्यासाठी रेजिनांच्या नावाचं सुवर्णपदक ठेवलं गेलं.

आज कोलकात्यात ज्यू जेमतेम उरलेत. शाळा मात्र चालू आहे आणि तिथे शिकणाऱ्या बहुतेक मुली मुसलमान आहेत. त्यांच्यातली एखादी उद्या काळा कोट घालून अलीपूरच्या कोर्टात उभी राहिली, तर आपण ‘व्यक्ती’ आहोत हे तिला आधी सिद्ध करावं लागणार नाही.