फाटकापुढली गल्ली

बारा वाजून वीस मिनिटांनी आमच्या शाळेची सकाळची पाळी सुटते आणि साडेबाराला दुपारची भरते. मधली दहा मिनिटे म्हणजे निव्वळ जत्रा. बाहेर पडणारी मुले, आत शिरणारी मुले, त्यांना न्यायला-सोडायला आलेल्या स्कूटरी, मोटारी, दप्तरांनी लगडलेल्या रिक्षा. आणि या साऱ्यांना मिळून एकच गल्ली, कुणा जुन्या माणसाने दोन बैलगाड्या कशाबशा जातील एवढीच ठेवलेली.

गेल्या श्रावणात या गल्लीत पहिलीतली एक मुलगी स्कूटरचा धक्का लागून पडली. पुढचे दोन दात गेले. दुधाचे होते, म्हणून सर्वांनी सुस्कारा टाकला. ती स्कूटर माझी होती. माझ्या मागे माझीच मुलगी बसली होती आणि तिला चार पावले चालावे लागू नये म्हणून मी गर्दीतून फाटकापर्यंत वाट काढीत होतो. दुसऱ्या दिवशी हेडबाईंनी माझ्या हाती शिट्टी दिली. शिक्षा म्हणून दिली की विश्वासाने, हे मी अजून विचारलेले नाही.

कादंबऱ्या लिहिणाऱ्याची खोड अशी, की शिट्टी हाती आली तरी तिची पूर्वपीठिका शोधावीशी वाटते. वाचकहो, चकलीचा तुकडा मोडता मोडता तीही थोडी ऐका.

शाळेच्या दारातली वाट राखण्याचा हा उद्योग शंभर वर्षांहून जुना आहे. अमेरिकेत शिकागो शहरी १९२० साली तिथल्या मोटार क्लबचे अध्यक्ष चार्ल्स हेज यांनी शाळकरी मुलांचीच गस्तीपथके उभारली. भरधाव मोटारीखाली मुले गेली, तो प्रसंग त्यांच्या मनाला लागला होता. हेतू चांगला, यात शंका नाही. पण पथकातल्या पोराला मोटार थांबवण्याचा अधिकार नव्हता. त्याने हात आडवे करून आपल्याच सोबत्यांना कडेला थोपवून धरायचे. आधी मोटार जाईल, मग मुले जातील. आपल्याकडच्या शाळांतून आर. एस. पी.ची मुले ऐटीत उभी असतात, त्यांना पाहिले की मला शिकागोची ती पोरे आठवतात.

इंग्लंडने हा न्याय उलटा केला. बाथ शहरात १९३७ साली हंट नावाच्या बाई मुलांना रस्ता ओलांडून देण्यासाठी उभ्या राहू लागल्या. युद्ध संपले, मोटारी वाढल्या, आणि १९५३ साली पार्लमेंटने कायदाच केला: अशा माणसाने पाटी दाखवली की वाहनाने थांबलेच पाहिजे. पुढे या पाट्या काठीच्या टोकाला गोल अशा झाल्या, म्हणून त्या बायांचे नाव पडले लॉलीपॉपवाल्या बाई. एखाद्या आजीबाईने काठी उचलावी आणि दहा टनांचा ट्रक जागच्या जागी उभा राहावा! हे चित्र मला फार आवडते.

पण पुढे जे झाले, ते मात्र मला माझ्याच स्कूटरपाशी घेऊन आले. इंग्लंडमध्ये १९७१ साली सात-आठ वर्षांच्या मुलांपैकी शेकडा ८० मुले एकटी शाळेत जात. मेयर हिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली पुन्हा मोजणी केली, तेव्हा ती शेकडा ९ भरली. मुलांचे अपघाती मृत्यू त्या काळात घटले होते हे खरे. पण या अभ्यासकांचे म्हणणे असे, की रस्ते सुरक्षित झाले म्हणून नव्हे, तर मुलेच रस्त्यावरून उचलून नेली म्हणून. रस्ता धोक्याचा, म्हणून बाप मुलाला गाडीवरून नेतो; आणि शेजारच्याच्या मुलाला धोका कशाचा, तर त्या गाडीचा. मग शेजारीही गाडी काढतो. आमच्या गल्लीतल्या जत्रेचे मूळ मला या हिशोबात सापडले.

हॉलंडात १९७१ या एका वर्षी चारशेहून अधिक मुले रस्त्यावर मेली. तिथल्या आयाबापांनी मुलांना घरात कोंडले नाही. ते रस्त्यातच जाऊन बसले. चळवळीचे नावच 'मुलांची हत्या थांबवा'. इटलीच्या उत्तरेला, आल्प्सच्या कुशीतल्या बोल्झानो गावाने १९८९ साली आणखी साधी युक्ती केली. शाळा भरताना आणि सुटताना थोडा वेळ शाळेपुढली गल्लीच गाड्यांना बंद. आडवा अडसर लावायचा, मुले गेली की काढायचा. २०२० नंतर लंडनमध्ये अशा गल्ल्या शेकड्यांनी झाल्या.

आपल्याकडे डोळे उघडले ते १९९७ साली, दिल्लीत वजिराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळून २८ मुले दगावली तेव्हा. सर्वोच्च न्यायालयाने वेगाला आळा, खिडक्यांना आडव्या पट्ट्या, बसमध्ये मदतनीस असे आदेश दिले. महाराष्ट्राने २०११ साली स्कूलबसची नियमावली केली, शाळाशाळांतून परिवहन समित्या सांगितल्या. बसला शिस्त लागली, निदान कागदावर. बापाच्या स्कूटरचे काय, हा प्रश्न राहिलाच.

तर दसऱ्यापासून आमचे शिपाईकाका आणि मी गल्लीच्या तोंडाशी दोरी बांधतो. बारा दहा ते बारा चाळीस. म्युनिसिपालिटीकडे अर्ज दिला आहे. तोवर ही दोरी केवळ विनंती समजावी. रिक्षावाले काका आधी कुरकुरले, आता तेच मारुतीपाशी रिक्षा लावून मुलांची रांग करून आणतात. किराणावाल्याची तक्रार चालू आहे, आणि माल उतरवायची त्याची वेळ तीच असल्यामुळे ती खोटीही नाही. परवा एका गृहस्थांनी मोटारीची काच खाली करून विचारले, "मास्तर, रस्ता काय शाळेच्या बापाचा आहे?" मला उत्तर सुचले नाही. शिपाईकाका म्हणाले, "साहेब, दहा मिनिटं लेकरांचा आहे." गृहस्थ मागे सरले, पण हॉर्न वाजवीत.

माझी मुलगी आता मारुतीपासून चालत येते. ती पहिलीतली छोटी रोज दोरीखालून वाकून जाते. तिचा एक दात अर्धा वर आला आहे. माझ्याकडे ती अजून बघत नाही.