468 मैल

माझ्या भाच्याने नवी गाडी घेतली. बहिणीने चाकाखाली लिंबू ठेवले, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढले, सोसायटीत पेढे वाटले. तिसऱ्या महिन्यात गिअर टाकताना खरखर सुरू झाली. गाडी सर्व्हिस सेंटरमध्ये दोन दिवस राहिली आणि सोबत एक बिल घेऊन बाहेर आली. क्लच प्लेट, लेबर, गिअर ऑइल, वर कर. भाच्याने तिथूनच मला फोन लावला, "मामा, गाडी नवी, वॉरंटी चालू, मग हे बिल कसलं?" मागून काउंटरवरच्या मुलाचा गोड आवाज ऐकू येत होता, "सर, क्लच वेअर अँड टेअरमध्ये येतो. वॉरंटीत बसत नाही."

मी वकील नाही. पण जुने निकाल वाचण्याची मला खोड आहे, आणि हे 'बसत नाही' ऐकले की मला अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातली एक गाडी आठवते.

मे 1955. तिथे मे महिन्यात मातृदिन येतो. हेनिंगसन नावाच्या गृहस्थाने पत्नीला भेट म्हणून ब्लूमफिल्ड मोटर्स या विक्रेत्याकडून प्लिमथ गाडी घेतली. ही गाडी क्रायस्लर कंपनीची. 9 मे रोजी ती घरी आली. 19 मे रोजी बाई ती घेऊन ॲस्बरी पार्कला गेल्या. परतताना रस्ता सपाट होता आणि वेग ताशी 20-22 मैल, म्हणजे आपल्या रिक्षाएवढा. अचानक पुढच्या भागात, खालून, काहीतरी तुटल्यासारखा आवाज झाला. स्टिअरिंग हातातच गरकन फिरले, गाडी उजवीकडे वळली आणि रस्त्याकडेची पाटी घेऊन विटांच्या भिंतीवर आदळली. मीटरवर आकडा होता 468 मैल.

बाई जखमी झाल्या. गाडीचा पुढचा भाग असा चेपला होता, की नेमका कोणता भाग आधी तुटला हे सांगणे कोणालाच शक्य नव्हते. कंपनी आणि विक्रेता दोघांनीही खरेदीच्या कागदाकडे बोट दाखवले.

तो कागद म्हणजे या कथेतले मुख्य पात्र. पुढच्या बाजूला गाडीची किंमत वगैरे ठळक. ग्राहकाने मागचा मजकूर वाचला असून तो त्याला मान्य आहे, हे वाक्य मात्र बाकीच्या मजकुरापेक्षा बारीक टायपात. मागच्या बाजूला साडेआठ इंच लांबीचा गच्च मजकूर, आणि त्यात दडलेली वॉरंटी. 90 दिवस किंवा 4,000 मैल, जे आधी होईल ते. दोष आढळल्यास तो भाग कारखान्याकडे पाठवायचा, वाहतुकीचा खर्च ग्राहकाने आधी भरायचा. कंपनीची तपासणी झाली आणि भाग सदोष आहे असे कंपनीचेच समाधान झाले, तर तो बदलून मिळेल. आणि या हमीव्यतिरिक्त दुसरी कोणतीही हमी, बोललेली किंवा गृहीत धरलेली, कंपनीवर बंधनकारक नाही.

आरोपी, साक्षीदार आणि न्यायाधीश तिन्ही एकच! नवऱ्याने कोर्टात सांगितले की त्याने मागची बाजू वाचली नव्हती. वाचली असती तरी काय झाले असते? हा मजकूर एकट्या क्रायस्लरचा नव्हता, मोटार उत्पादकांच्या संघटनेने ठरवलेला एकसारखा नमुना होता. जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर या तिघांच्या हातात देशातले 90 टक्क्यांहून अधिक उत्पादन होते. या दुकानात पटले नाही म्हणून समोरच्या दुकानात जावे, तर तिथेही तोच कागद.

कायदाही फारसा मदतीला नव्हता. इंग्लंडमध्ये टपालगाडी मोडून तिचा चालक जायबंदी झाला, त्या खटल्यात 1842 साली कोर्टाने सांगितले होते की गाडी पुरवणाऱ्याचा करार टपालखात्याशी, चालकाशी नाही. चालकाने मागायला येऊ नये. हा विचार अनेक वर्षे टिकला. न्यूयॉर्कमध्ये ब्युइक मोटारीच्या लाकडी चाकाचे आरे मोडले, त्या खटल्यात 1916 साली न्यायमूर्ती कार्डोझो यांनी करार नसला तरी उत्पादकाला जबाबदार धरले. पण तिथेही निष्काळजीपणा सिद्ध करावा लागे. चेपलेल्या प्लिमथमधून निष्काळजीपणा कसा शोधणार? शिवाय गाडी घेतली नवऱ्याने, जखमी झाली बायको. तिचा तर कोणाशीच करार नव्हता.

निकाल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात लागला 9 मे 1960 रोजी, गाडी घरी आल्याला बरोबर पाच वर्षे होत असताना. न्यायमूर्ती जॉन फ्रान्सिस यांनी त्या कागदाची अक्षरशः सालपटे काढली. ग्राहकाला घासाघीस करण्याची संधीच नसेल, तर असा करार लोकहिताच्या विरुद्ध आहे, म्हणून जबाबदारी झटकणारे कलम रद्द. नवी गाडी विकली म्हणजे ती रस्त्यावर चालवायला योग्य आहे, ही हमी विक्रीसोबतच येते. ती विक्रेत्यावर बंधनकारक, उत्पादकावरही, आणि तिचा लाभ घरातल्या माणसांनाही.

पुढे 1975 साली अमेरिकेत वॉरंटीचा केंद्रीय कायदा आला. 1982 साली कनेक्टिकट राज्याने नव्या सदोष गाड्यांसाठी पहिला 'लेमन लॉ' केला. तोच दोष चार वेळा दुरुस्त करूनही राहिला, किंवा गाडी एकूण 30 दिवस गॅरेजात पडून राहिली, तर ती बदलून द्या किंवा पैसे परत करा. सदोष गाडीला तिकडे लिंबू म्हणतात. आपण तेच लिंबू दृष्ट लागू नये म्हणून चाकाखाली ठेवतो, ही गंमत बहिणीला सांगितली, तिला ती आवडली नाही.

आपल्याकडे 1930 सालच्या मालविक्री कायद्यात विकलेली वस्तू कामाला योग्य असली पाहिजे, अशी गृहीत अट आहेच. पण त्याच कायद्याचे 62 वे कलम सांगते की दोन्ही पक्षांनी करार करून अशी अट वगळता येते. दार बंद केले आणि खिडकी उघडी ठेवली! शिवाय दाद मागायची तर दिवाणी कोर्ट. फियाट किंवा ॲम्बेसेडरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावणारा माणूस गाडी मिळाली यातच धन्य होता. ती ढकलावी लागली तर शेजारी मदतीला यायचे, कोर्टात कोण जातो? मुंबईत 1966 साली ग्राहकांची संघटना उभी राहिली, पुण्यात सत्तरच्या दशकात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, आणि 24 डिसेंबर 1986 रोजी ग्राहक संरक्षण कायदा झाला. सुरुवातीला कोर्ट फी नव्हती, वकिलाची सक्तीही नव्हती.

मग मोटारींचे वाद वर पोचू लागले. 2004 साली मुंबईच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या एका गाडीच्या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने, सदोष गाडी कोरी म्हणून विकू पाहणे लाजिरवाणे आहे, अशा आशयाचे खडे बोल सुनावले. दोनच वर्षांनी, 2006 साली, मारुतीच्या एका गाडीतील क्लचच्या तक्रारीवर निकाल आला. खालच्यांनी गाडी बदलून द्यायला सांगितले होते. सर्वोच्च न्यायालयाने वॉरंटीचा मजकूर वाचला. त्यात सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची हमी आहे, पूर्ण गाडी बदलण्याची नाही. म्हणून नवी गाडी नाही, भरपाई. दोन्ही देशांतली प्रकरणे सारखी नव्हेत, इथे कोणी जखमी झाले नव्हते. तरी मला वाटते, न्यू जर्सीत ज्या कागदाला कोर्टाने बाजूला सारले, त्याच जातीच्या कागदाला आपण जरा जास्तच मान दिला.

गोव्यातले प्रकरण आणखी बोलके. 2011 साली एका ग्राहकाने टाटाची गाडी नवी म्हणून घेतली. ती निघाली 2009 सालची, आणि 622 किलोमीटर आधीच धावलेली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला फेब्रुवारी 2021 मध्ये. विक्रेता जबाबदार, उत्पादक सुटला. कारण विक्रेत्याची लबाडी उत्पादकाला ठाऊक होती याचा पुरावा नव्हता. कायदा सांगतो, तक्रार तीन महिन्यांत निकाली काढावी, तपासणी लागली तर पाच. इथे दहा वर्षे गेली.

2019 चा नवा कायदा 2020 पासून लागू झाला. आता राहत्या गावच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. एकतर्फी कराराविरुद्ध राज्य आयोगाकडे जाता येते. पण 'चार वेळा' किंवा '30 दिवस' असा आकड्यांत बांधलेला नियम आपल्याकडे नाही. दोष मुळातला, की चालवणाऱ्याने क्लचवर पाय ठेवल्याचा, हे तज्ज्ञाच्या अहवालाने दाखवावे लागते. आणि गाडी नेताना आपण जॉबकार्डावर न वाचता सही करतो, 'काम समाधानकारक' या ओळीखाली. ती सही पुढे आपल्याच विरुद्ध साक्ष देते. तेच बारीक अक्षर, फक्त कागद बदलला.

भाच्याला मी एवढेच सांगितले की बदललेला जुना भाग मागून घे, आणि सहीशेजारी हाताने लिही, 'बिल मान्य नाही, हरकत नोंदवून पैसे भरले.' काउंटरवरचा मुलगा म्हणाला, असे लिहायची पद्धत नाही. मॅनेजरला बोलावले. अर्धा तास गेला. शेवटी जॉबकार्डाची प्रत, पिशवीत घातलेली काळी पडलेली क्लच प्लेट आणि गेटपास घेऊन तो बाहेर पडला.

लेबरचे पैसे पंधरा दिवसांनी परत आले. प्लेटचे अजून आलेले नाहीत. ती पिशवी बहिणीने गॅलरीत कुंडीमागे ठेवली आहे.