विलायती फुलदाणी

१. विलायती फुलदाणी : युरोपी पोर्सेलिनची शोभेची फुलदाणी. युरोपात खरे पोर्सेलिन प्रथम जर्मनीतील मायसेनच्या कारखान्यात (स्थापना १७१०) होऊ लागले. तेथील मालाच्या बुडाशी झिलईखाली निळ्या रंगात एकमेकींना छेदणाऱ्या दोन तलवारी असतात. ही खूण नकली मालावरही सर्रास आढळते. तेवढ्यावरून वस्तूचे वय ठरवू नये. युरोपी कलावस्तू भारतातही आहेत : टाटा उद्योगघराण्यातील सर रतन टाटा (१८७१–१९१८) आणि त्यांचे थोरले बंधू सर दोराबजी टाटा (१८५९–१९३२) यांचे कलासंग्रह मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. त्यांत चीन-जपानच्या पोर्सेलिनबरोबर युरोपी कलावस्तूही आहेत. — संपा.