भंगा, गांजा, हेम्प : एका औषधीची रूपे आणि त्यांची भाषांतरे

मराठीत भांग घोटतात आणि पितात, गांजा मळतात आणि चिलमीतून ओढतात, माजूम खातात. वनस्पती एकच, परंतु प्रत्येक ठिकाणी क्रियापद वेगळे आहे. झाडाचा कोणता भाग घेतला, त्यावर कोणता संस्कार झाला आणि तो शरीरात कोणत्या मार्गाने गेला, एवढी माहिती ही क्रियापदे सहज सांगून जातात. पाने ती भांग, मादी झाडाचे राळयुक्त फुलोरे तो गांजा आणि निव्वळ राळ तो चरस, असा हा लोकव्यवहारातील भेद आहे. औषध म्हणून या वनस्पतीचा विवेकी वापर हा मुळात मात्रेचा प्रश्न आहे आणि रूप निश्चित झाल्याखेरीज मात्रेला अर्थ नाही. संस्कृत वैद्यकातून पोर्तुगीज, इंग्रजी आणि अखेर कायद्याच्या भाषेत जाताना हा रूपभेद कोठे टिकला व कोठे पुसला गेला, याचा शोध प्रस्तुत निबंधात घ्यावयाचा आहे.

अथर्ववेदातील 'भंग' या शब्दाचा निर्देश या चर्चेत नेहमी पुढे केला जातो. परंतु तेथे वनस्पतीचे नाव आहे, उपयोगाची रीत नाही. या नावावरून वैदिक काळातील 'भांगेची चिकित्सा' उभी करणे म्हणजे शब्दकोशातून इतिहास लिहिणे होय. डॉमिनिक वुजास्टिक यांनी २००२ साली दाखवून दिल्याप्रमाणे, भांगेचे निःसंदिग्ध वैद्यकीय उल्लेख आढळू लागतात ते अकराव्या शतकाच्या सुमारास, वंगसेनाच्या ग्रंथापासून. आणि तेही प्रामुख्याने अग्निदीपन व पाचन यांच्या संदर्भात. त्यानंतरच्या शार्ङ्गधर संहितेत एक फार अर्थपूर्ण वर्गीकरण आहे. जे द्रव्य आधी सर्व शरीर व्यापते आणि मग पचते ते 'व्यवायी', अशी व्याख्या देऊन शार्ङ्गधर भांग आणि अफू ही दोन उदाहरणे देतो. इतर अन्नौषधी आधी पचतात आणि मग पसरतात. येथे क्रम उलटा आहे. हा क्रम नोंदवणारा ग्रंथकार केवळ गुण सांगत नाही, तर सावधगिरीचे कारणही सांगत आहे.

सोळाव्या शतकातील भावप्रकाशात भंगा, गंजा, मातुलानी, मादिनी, विजया, जया ही नावे एकाच द्रव्याची पर्यायनामे म्हणून येतात. म्हणजे निघंटूच्या पातळीवर भांग आणि गांजा यांचा भेद मिटलेलाच आहे. मोह, मद, वाणी आणि जठराग्नी यांची वृद्धी करणारी, असे तिचे वर्णन तेथे आहे; वाणीला जठराग्नीच्या पंक्तीत बसवणारा हा समास साहित्याच्या अभ्यासकांनी अवश्य पाहावा. मग रूपभेद कोठे जपला गेला? तो नामांत नव्हे, तर कल्पांत. पाने पाण्यात वारंवार धुऊन, वाळवून, गाईच्या तुपात परतल्याशिवाय ती औषधात घालू नयेत, असा शोधनविधी परंपरेने सांगितला. ग्रहणीवरील जातीफलादी चूर्णात भांगेचा अंश मोठा आहे, पण सोबत जायफळ, लवंग यांसारखी द्रव्ये आणि साखर आहे, आणि ते सारे पोटात घ्यावयाचे आहे. या वैद्यकाला अभिप्रेत असलेला मार्ग हा मुखाचा मार्ग होय. धूम्रपान हा गोसावी-बैरागी यांच्या आणि श्रमिकांच्या व्यवहाराचा भाग राहिला.

युरोपीय भाषांत या द्रव्याचा तपशीलवार प्रवेश गोव्यातून झाला. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला आणि त्यात 'बांग' या विषयावर एक स्वतंत्र संवाद आहे. गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने मार्तिम आफोंसो द सौसा याला सांगितलेली गोष्ट ओर्ता तेथे देतो : रात्री पोर्तुगाल, अरबस्तान वा तुर्कस्तानात जावेसे वाटले की थोडी बांग घेतली म्हणजे पुरे. ही आख्यायिका पुढे पुष्कळांनी उचलली. त्यामानाने ओर्ताचे दुसरे निरीक्षण दुर्लक्षित राहिले : आपल्याकडील अंबाडीसदृश धाग्याच्या झाडाहून, म्हणजे युरोपीय हेम्पहून, ही वनस्पती वेगळी आहे, असा त्याचा आग्रह होता. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हा आग्रह पुरता टिकला नाही. भाषांतराच्या दृष्टीने मात्र तो शहाणपणाचा होता. त्याने 'बांग' हा शब्द तसाच ठेवला. पुढे लिनियसने १७५३ साली 'कॅनाबिस सटायवा' आणि लामार्कने १७८५ साली 'कॅनाबिस इंडिका' ही नावे दिली, आणि वनस्पतीच्या नावाने औषधाचे नाव गिळून टाकण्यास आरंभ झाला.

या प्रक्रियेतील निर्णायक टप्पा १८३९ चा. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्राचा प्राध्यापक असलेल्या विल्यम ब्रूक ओशॉनसी या आयरिश वैद्याचा 'इंडियन हेम्प अथवा गांजा' या विषयावरील निबंध सामान्यतः एका शास्त्रज्ञाचा शोध म्हणून वाचला जातो. वस्तुतः ते बहुभाषिक संकलन आहे. संस्कृत ग्रंथांसाठी कमलाकांत विद्यालंकार आणि मधुसूदन गुप्त यांचे साहाय्य, अरबी-फारसी परंपरेसाठी हकीम आणि मौलवी यांचे. आणि माजूम कशी करतात हे विचारावयाचे तर कलकत्त्यातील अमीर नावाचा कारागीर. सिद्धी, सब्जी, गांजा, चरस, माजूम हे सारे शब्द निबंधाच्या पूर्वार्धात आपापल्या कृतींसह येतात. पाने, तूप आणि पाणी एकत्र उकळून गुण तुपात उतरवण्याची कृती त्याने बारकाईने टिपली आहे. मात्र उत्तरार्धात, प्रयोगाचा भाग सुरू होताच, हे शब्द मागे पडतात. त्यांच्या जागी येतात राळेचा अर्क, मद्यार्कातील टिंक्चर, ग्रेन आणि थेंब.

ओशॉनसीने आधी प्राण्यांवर आणि मग रुग्णांवर प्रयोग केले. संधिवाताच्या एका रुग्णाला एक ग्रेन, म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, राळ दिल्यावर काही तासांनी तो ताठरलेल्या अवस्थेत आढळला. हात जेथे ठेवावा तेथेच राहत होता. त्यानंतर मात्रा उतरवण्यात आली. आचके येणाऱ्या एका तान्ह्या मुलाला मात्र एका विद्यार्थ्याला गुंगी आणणाऱ्या मात्रेच्या कितीतरी पट थेंब द्यावे लागले. हे त्याने लपवले नाही, आणि अल्पतम मात्रेपासून आरंभ करण्याचा धडा त्याच्याच नोंदींतून निघतो. जलसंत्रासाचा रुग्ण वाचला नाही, पण त्याच्या यातना सुसह्य झाल्या, हेही तो लिहितो. उपाय आणि उपशम यांत त्याने केलेला हा भेद त्याच्या अनेक अनुयायांना पेलला नाही.

१८४१ नंतर हे औषध इंग्लंडला गेले. पीटर स्क्वायर या औषधविक्रेत्याने त्याचा अर्क सिद्ध केला. तेथे कलकत्त्याच्या मात्रा लागू पडेनात. दूरच्या प्रवासात आणि साठवणीत राळेची शक्ती उतरे. एका बाटलीने काहीच होत नसे, दुसरीने रुग्ण भ्रमिष्ट होई. राळ पाण्यात विरघळत नसल्याने नव्या सुईच्या उपचारालाही ती उपयोगी नव्हती. १९३२ साली ब्रिटिश आणि १९४२ साली अमेरिकन औषधसंहितेतून ती वगळली गेली. निषेधाच्या राजकारणाचा यात वाटा होताच. पण एका नावाखाली अनेक शक्तींचे पदार्थ विकले गेल्याने वैद्यांचा विश्वास त्यापूर्वीच डळमळला होता.

मार्गभेदाचे शारीर कारण आज ठाऊक आहे. टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल हा मादक घटक १९६४ साली शुद्ध स्वरूपात वेगळा करण्यात आला. ताज्या पानात तो बव्हंशी अम्लरूपात असतो आणि उष्णतेने क्रियाशील होतो. शिवाय तो स्निग्धविद्राव्य आहे. तुपात परतण्याच्या कृतीचा अर्थ येथे उलगडतो. धुराने परिणाम काही मिनिटांत जाणवतो आणि लवकर ओसरतो. त्याची किंमत फुप्फुसे देतात. पोटात घेतल्यास यकृतात त्याचे अधिक प्रभावी द्रव्य बनते, परिणामास अर्धा ते दोन तास लागतात व तो कित्येक तास टिकतो. काहीच झाले नाही म्हणून लगेच दुसरी मात्रा घेणे ही मुखमार्गातील नेहमीची दुर्घटना होय. गर्भिणी आणि उन्मादाचा पूर्वेतिहास असलेल्या व्यक्ती यांनी तर कोणत्याच मार्गाने जाऊ नये.

भाषांतरात हरवलेले भेद प्रशासनाने अंशतः परत आणले. १८९३ साली नेमलेल्या भारतीय हेम्प ड्रग्ज आयोगाने, नावात 'हेम्प' असूनही, भांग, गांजा आणि चरस यांविषयीचे प्रश्न वेगवेगळे विचारले. ११९३ साक्षी घेतल्या आणि १८९४ च्या अहवालात मध्यम सेवन व अतिसेवन यांच्यात स्पष्ट सीमारेषा आखली. याच अहवालाला जॉर्ज ग्रीअर्सन यांची संस्कृत व हिंदी वाङ्मयातील उल्लेखांवरील टिपणी आणि मुंबई गॅझेटियरचे संपादक जेम्स कॅम्पबेल यांची भांगेच्या धार्मिक स्थानावरील टिपणी जोडलेली आहे. महसुलाच्या प्रश्नासाठी वाङ्मयेतिहासाची साक्ष काढली गेल्याचे असे उदाहरण वसाहतकालीन कागदपत्रांत विरळाच सापडेल.

१९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात आणि तदनुसार भारताच्या १९८५ च्या कायद्यात चरस आणि फुलोऱ्यांचा गांजा नियंत्रित ठरला. फुलोऱ्याविना असलेली पाने व्याख्येबाहेर राहिली. कायद्यात भांगेचे नाव नाही. ती या वगळण्यातून जगली. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या विषारी द्रव्यांच्या यादीत मात्र ती आहे, आणि ती असलेले आयुर्वेदीय औषध वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे, असा इशारा वेष्टनावर द्यावा लागतो. अलीकडे 'विजया' या प्राचीन नावाने पानांचे संहत अर्क तेलाच्या थेंबांच्या रूपात विकले जाऊ लागले आहेत. त्यांच्या समर्थनार्थ भावप्रकाश उद्धृत होतो. परंतु भावप्रकाशातील विजया ही धुतलेली, तुपात परतलेली, चूर्णातील पाने होत. बाटलीतील अर्क हे ओशॉनसीच्या टिंक्चरचे वंशज आहेत. निघंटूतील गुण या अर्काला लावणे हे वाचन म्हणून सदोष आहे आणि औषधयोजना म्हणून धोक्याचे. अमेरिकेत २०१८ साली बालकांच्या दुर्धर अपस्मारासाठी मान्य झालेले कॅनाबिडिऑलचे द्रव औषध याउलट आपले रूप पूर्ण उघड करते : शुद्ध केलेला एकच घटक, तोंडाने घ्यावयाचा, रुग्णाच्या वजनाच्या प्रमाणात, हळूहळू वाढवत न्यावयाचा.