ऊन आणि लेकरे

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान उरकावे, फराळाचे ताट पुढ्यात घ्यावे आणि अंगणात उतरलेल्या कोवळ्या उन्हात पाठ शेकत बसावे, यासारखे सुख नाही. अशा वेळी कोणी उन्हाच्या तक्रारी सांगू लागला तर त्याला अरसिकच म्हणावे लागेल. तो अरसिकपणा मी आज जाणूनबुजून पत्करतो आहे. उन्हाळा डोक्यावर आला म्हणजे माणूस उन्हाचा विचार करीत नाही, तो नुसती सावली शोधतो. विचार करावयाचा तर हे थंडीचे दिवसच बरे.

आमचा गोंदिया जिल्हा महाराष्ट्राच्या अगदी पूर्व टोकाला. १९९९ साली तो भंडाऱ्यापासून वेगळा झाला. तलाव, धान आणि जंगल ही त्याची श्रीमंती. आणि ऊन हे त्याचे वार्षिक देणे. वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो. मे महिना संपता संपता एके दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि अंगणात रोवलेल्या काठीची सावली क्षणभर नाहीशीच होते. संकटात सावलीसुद्धा सोडून जाते असे लोक म्हणतात. आमच्याकडे तो अलंकार नव्हे, ते खगोलशास्त्र आहे.

या उन्हाशी आमच्या घरातल्या बायांनी पिढ्यान् पिढ्या झुंज दिली. माझी आजी होळीला पळसाची फुले रात्रभर पाण्यात भिजत घालायची आणि त्या केशरी पाण्याने आम्हा पोरांना न्हाऊ घालायची. त्याने वर्षाचे ऊन बाधत नाही अशी तिची श्रद्धा. पुढे अंगणात बांबूचा मांडव पडे, त्यावर जांभळीच्या डहाळ्या चढत. दुपारी कवेलूच्या घरात जमीन ओली करून आम्हाला निजवले जाई. बाहेर निघायचेच झाले तर खिशात कांदा, पोटात कैरीचे पन्हे आणि डोक्याकानांवरून घट्ट बांधलेला दुपट्टा. यातला कांदा खिशात बसून काय पराक्रम करी ते त्यालाच ठाऊक! पण पन्ह्यातले पाणी, मीठ आणि गूळ खरोखरच कामाचे होते, आणि मांडव व दुपट्टा यांना तर आजही तोड नाही.

एवढे सगळे लहानपणी पाहिलेल्या माणसाला उन्हाची ओळख असावी, असे कुणालाही वाटेल. मलाही तसेच वाटत होते. ती ओळख खोटी ठरली, ती गोष्ट आता सांगतो.

२००६ सालचा एप्रिल. मी नवखा मास्तर. हाताखाली तिसरीचा वर्ग. शाळा सकाळची होती. वर्गात एक मुलगा होता, केस पिवळट, पापण्या पांढुरक्या, कातडी दुधासारखी. गाव त्याला 'भुऱ्या' म्हणे; मीही तेच म्हणत असे. त्या दिवशी फळ्यावरची ओळ वाच म्हटले तर तो नुसता डोळे बारीक करून माझ्याकडे पाहत राहिला. दोनदा सांगितले, तीनदा सांगितले. मला वाटले, पोर उद्धट आहे. नऊच्या सुमारास मी त्याला पटांगणात उभे केले ते अकराला शाळा सुटेपर्यंत. वारा गार वाहत होता. उन्हाचा असा कडाका जाणवत नव्हता. शिक्षा फारशी कडक नाही असेच मी मनाशी म्हटले.

दुसऱ्या दिवशी त्याची आई त्याला घेऊन दारात आली. मान, कान आणि दंड लालबुंद झाले होते, खांद्याजवळ पाण्याने भरलेले फोड होते, आणि त्यावर कुणाच्या तरी सल्ल्याने दात घासायची पेस्ट थापलेली होती. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "गुरुजी, उन्हातलंच पोर आहे जी आमचं, पण असं भाजलं कधी नव्हतं." डॉक्टरांनी पेस्ट हळूच धुऊन काढली, गार पाण्याच्या घड्या ठेवल्या, आणि मग माझ्याकडे वळून दोन वाक्ये सांगितली. या मुलाच्या कातडीत जन्मतःच रंगद्रव्य नाही. अशा मुलांची नजरही अधू असते. त्याला फळा दिसतच नसावा.

ज्या अपराधासाठी मी शिक्षा केली तो अपराध नव्हता, आणि जी शिक्षा मी सौम्य समजलो ती सौम्य नव्हती. त्यानंतर उन्हाविषयी जे जे हाती लागेल ते मी वाचीत गेलो. त्यातून एक गोष्ट मनावर ठसली. ऊन एक नाही, दोन आहेत.

ही गोष्ट विज्ञानाला कळली ती लागोपाठच्या दोन वर्षांत. १८०० साली विल्यम हर्शेल याने लोलकातून सूर्यप्रकाशाचे सात रंग पाडले आणि प्रत्येक रंगात उष्णतामापक ठेवला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, तिथे पारा सर्वांत जास्त चढला. १८०१ साली जर्मनीत योहान रिटर याने दुसऱ्या टोकाला, जांभळ्या रंगाच्या पलीकडे, चांदीचा क्षार ठेवला. तो दिसणाऱ्या कुठल्याही रंगापेक्षा तिथे लवकर काळा पडला. पहिल्या टोकाला उष्णता. दुसऱ्या टोकाला अतिनील किरण. अंगातले पाणी आटवते, ऊन 'लागते' ते उष्णतेमुळे. कातडी भाजते ती अतिनील किरणांमुळे. आणि मौज अशी की, हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, अंगाला गरम लागत नाहीत, गार वाऱ्याने कमी होत नाहीत. पटांगणातल्या त्या वाऱ्याने मला फसवले ते असे.

पुढे १८२० च्या सुमारास एव्हरार्ड होम नावाच्या इंग्रज शल्यवैद्याला एक कोडे पडले. काळा रंग ऊन जास्त शोषतो. मग उष्ण देशांतल्या माणसांना काळी कातडी लाभाची कशी? त्याने स्वतःचे दोन्ही हात उन्हात धरले, एक उघडा आणि एक काळ्या कापडाखाली. काळ्या कापडाखाली उष्णतामापक जास्त चढला. पण भाजला तो उघडा हात! म्हणजे भाजणे हे केवळ उष्णतेचे काम नव्हे, आणि काळा रंग ही निसर्गाने दिलेली ढाल आहे. ज्या काळेपणावरून आपल्याकडे मुलींची लग्ने अडतात आणि बाळाला पिठाने घासले जाते, तो खरे तर अंगातच विणलेला दुपट्टा आहे. माझ्या त्या विद्यार्थ्याला निसर्गाने तेवढा दुपट्टा द्यायचा विसरला होता.

आमच्या पूर्वजांनी उपचाराचे मर्म फार आधी ओळखले होते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात १२व्या अध्यायात अग्नीने भाजण्याचे प्रकार सांगितले आहेत. अग्नीने किंचित होरपळलेल्या जागी तिथे चक्क शेक सांगितला आहे. पण उष्ण वारा आणि ऊन यांनी भाजलेल्याला मात्र सदैव शीत उपचारच करावा, असे निराळे बजावले आहे. त्या डॉक्टरांनी ठेवलेल्या गार घड्या याच वाटेवरच्या होत्या.

साहेबाने मात्र या उन्हाचा भलताच धसका घेतला. बंगालच्या पाणथळीत वाढणाऱ्या शोल्याच्या हलक्या गाभ्यापासून त्याची 'सोला हॅट' बनली. गोऱ्या घरातले मूल टोपीवाचून अंगणात दिसले की आयांची धावपळ उडे. उन्हाळ्यात मध्यप्रांताचे सरकारच पचमढीला चढे. विसाव्या शतकाच्या आरंभी तर या भीतीला शास्त्राचा अंगरखाही मिळाला. अमेरिकन लष्करातील डॉक्टर चार्ल्स वुडरफ याने १९०५ साली ग्रंथच लिहिला, की उष्ण देशांतला प्रकाश गोऱ्या माणसाच्या मज्जासंस्थेचा नाश करतो. मग पाठीच्या कण्यावर गाद्या आल्या, तांबड्या धाग्यांची खास कापडे निघाली. फिलिपाइन्समधल्या अमेरिकन सैनिकांना नारिंगी-तांबडी अंतर्वस्त्रे घालून पाहण्यात आली. ती साध्या पांढऱ्या कपड्यांपेक्षा जास्तच उकडली आणि लाभ शून्य. अखेर दुसऱ्या महायुद्धात सैनिक टोपीवाचून वावरले आणि त्यांना काही झाले नाही. मायदेशी परतताना बोटीवरून आपल्या टोप्या समुद्रात भिरकावून दिल्याच्या आठवणी कित्येक साहेबांनी सांगितल्या आहेत.

आपण हसतो खरे, पण जरा थांबून पाहा. साहेबाची चूक ही की, त्याने दोन उन्हांचा गोंधळ घातला आणि ऊन फक्त आपल्याच लेकरांना बाधते असे धरले. बंगल्यातल्या मुलाला टोपी, आणि बंगल्याची विहीर खोदणाऱ्याचे मूल मातीच्या ढिगाशेजारी उघडे. तो साहेब गेला. ही समजूत गेली काय? "या पोरांना सवय असते," हे वाक्य मी आपल्याच माणसांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकले आहे. आणि माझ्याही मनात त्या दिवशी तेच होते.

मे महिन्यात आमच्याकडे तेंदूची पाने तोडायला माणसे पहाटेच्या अंधारात जंगलात जातात. सकाळ चढली की पाने घरी आणून त्यांची पुडकी बांधायची आणि ती फळीवर नेऊन द्यायची. तान्हे मूल घरी कुणाजवळ ठेवणार? ते आईबरोबर जाते. त्याआधी मोहफुलांच्या दिवसांतही तेच. या बाळाला सवय नसते हो! त्याची कातडी आईच्या कातडीपेक्षा पातळ असते, त्याला ऊन टाळून सरकता येत नाही आणि तहान लागली हे सांगताही येत नाही.

दूर ऑस्ट्रेलियात १९८१ साली या गोष्टीचे गाणे झाले. एक नाचरा समुद्रपक्षी दूरचित्रवाणीवर येऊन मुलांना सांगू लागला : सदरा चढवा, मलम लावा, टोपी घाला. तेथील अनेक शाळांत टोपी नसेल तर मैदानावर खेळायला मिळत नाही, सावलीत बसावे लागते. आमच्याही विदर्भात शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जून उतरता उतरता उघडतात. उन्हाची एवढी कदर सरकारनेही केली आहे. बाकीची आपण घरी करावयाची.

ती काही अवघड नाही. सहा महिन्यांच्या आतील बाळाला थेट कडक उन्हात नेऊच नये. मलमापेक्षा सावली आणि झिरझिरीत नसलेले सुती कापड बरे. मोठ्या मुलांना दहा ते चार या वेळेत सावलीत खेळवावे, बाहेर पडताना पूर्ण बाहीचा सदरा आणि कान व मान झाकणारी टोपी किंवा दुपट्टा द्यावा. ओले पांढरे कापड किरणांना फारसे अडवीत नाही, म्हणून तलावात डुंबणाऱ्या पोरांवर विशेष लक्ष ठेवावे. भाजलेच तर ताबडतोब सावलीत आणून गार पाण्याच्या घड्या ठेवाव्यात आणि पाणी पाजावे. अंगावरचे बाळ असेल तर वारंवार दूध पाजावे. बर्फ घासू नये, फोड फोडू नये, पेस्ट, तूप, तेल थापू नये. वर्षाच्या आतील बाळ भाजले असेल, फोड आले असतील, ताप असेल किंवा मूल मलूल होऊन झोपी जाऊ लागले असेल, तर घरगुती वैदूपणा न करता डॉक्टर गाठावा.

याचा अर्थ मुलांना कोंडून घालावे असा मात्र नव्हे. १९१९ साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की या डॉक्टराने मुडदुसाने वाकलेली मुले याच अतिनील किरणांच्या दिव्याखाली बरी केली. उन्हावाचून हाडे धरत नाहीत. ऊन शत्रू नाही. मात्र त्याचे माप ठेवावे लागते, आणि ते माप लेकराला कळत नाही, थोरांनी ठेवायचे असते.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतली शारीरिक शिक्षा बंद केली. कायदा येण्याआधीच माझी ती सवय सुटली होती, पण त्याचे श्रेय मला नाही. ते त्या फोडांना आहे. त्या मुलाला मी नंतर पहिल्या रांगेत, खिडकीच्या उजेडाकडे पाठ करून बसवले, आणि वही डोळ्यांशी नेऊन वाचायची मुभा दिली. तो वाचू लागला. त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारायलाही मी तेव्हाच शिकलो.

आज तो तालुक्याच्या गावी एका दुकानात हिशेब लिहितो. पूर्ण बाहीचा सदरा, रुंद काठाची टोपी, काळा चष्मा. गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी मी रस्त्याने उघड्या डोक्याने चाललो होतो. त्याने दुकानातून पाहिले, बाहेर आला आणि म्हणाला, "गुरुजी, आधी सावलीत या."

मी गेलो.